तुरळक ठिकाणी थंडी

यवतमाळच्या माणसाला हवामानाबद्दल काहीही विचारा, उत्तर नागपूरला हाताशी धरूनच येतं. आज किती तापलं? नागपूरपेक्षा कमी. गारवा आहे का? नागपूरवाल्यांनी एकदा येऊन पाहावं. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, अकोला ही सगळी मंडळी खाली भट्टीत आणि आपण वर डोंगरावर हवा खात बसलेलो, अशी या शहराची स्वतःबद्दलची पक्की समजूत आहे. पाहुणा भर मे महिन्यात धामणगावला रेल्वेतून उतरतो, बाभूळगावमार्गे घामाघूम होऊन घरी पोचतो आणि त्याच्या हातात पाण्याचा पेला देण्याआधी यजमान विचारतो, "वर आल्याबरोबर फरक वाटला ना?" पाहुणा पेल्याकडं पाहत हो म्हणतो. पाणी हवं असतं त्याला.

फरक आहे, नाही असं नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आणि यवतमाळ साडेचारशेच्या जवळपास. किलोमीटरभर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, असं शाळेतल्या भूगोलात होतं. दीडशे मीटरच्या वाट्याला त्यातला एक अंश येतो. बस्स. या एका अंशावर अख्ख्या शहराचा स्वाभिमान उभा आहे. अडचण अशी की मे महिन्यात चव्वेचाळीस आणि त्रेचाळीस यांतला फरक फक्त तापमापकाला कळतो, अंगाला नाही. त्यामुळं हा अंश वर्षभर नुसता पडून असतो. तो वापरायला काढायची संधी येते ती दसरा-दिवाळीच्या सुमारास, चार दिवस आभाळ भरून येतं तेव्हा.

युरोप-अमेरिकेत शरद ऋतूतला गारवा मोठ्या शिस्तीनं येतो म्हणतात. उत्तरेकडून थंड हवेची आघाडी निघते, तळ्याकाठच्या गावावरून जाते, दुपारी वारा फिरतो, संध्याकाळी सरी पडतात आणि रात्री लोक शेकोट्या पेटवतात. आपल्याकडं आघाडी म्हटली की आधी जागावाटप. इथं ऑक्टोबरातला गारवा उत्तरेकडून येतच नाही. तो येतो बंगालच्या उपसागरातून. तिथं कमी दाबाचा पट्टा तयार होतो, आंध्राच्या किनाऱ्याला लागतो, तेलंगणातून रमतगमत वर सरकतो आणि पैनगंगा ओलांडून उमरखेड-पांढरकवड्याकडून जिल्ह्यात शिरतो. म्हणजे ज्याला आपण थंडीची चाहूल म्हणतो ते खरं तर दमट समुद्राचं उरलंसुरलं पाणी असतं. उत्तरेचा कोरडा वारा त्याच्यानंतर, आभाळ मोकळं झाल्यावर येतो. पण तोवर यवतमाळकरांच्या कानटोप्या निघालेल्या असतात.

या चार दिवसांची पहिली वर्दी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून येते: "यवतमाळ जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता." या 'तुरळक ठिकाणी'वर जेवढा खल आमच्याकडं होतो तेवढा घटनेच्या कलमांवरही होत नसेल. हवामान खात्याच्या लेखी त्याचा अर्थ अगदी नेमका आहे. पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस म्हणजे तुरळक, पन्नासपर्यंत काही ठिकाणी, पंचाहत्तरपर्यंत बऱ्याच ठिकाणी आणि त्यापुढं जवळपास सगळीकडं. पण जिल्ह्यात तालुके सोळा. वणीहून उमरखेडला एसटीनं निघालं तर दिवसाचा मोठा भाग खिडकीशी जातो. एवढ्या पसाऱ्यात 'तुरळक' म्हणजे आपलं वावर की शेजाऱ्याचं, हे कोणी सांगत नाही. अनुभव असा की ऊन हवं असलेल्याच्या वावरात तुरळक पडतो आणि पाणी हवं असलेल्याच्या धुऱ्यापाशी येऊन परत फिरतो.

अलर्टचे रंगही लोकांनी आपापल्या सोयीनं लावून घेतले आहेत. खात्याच्या मते पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. यवतमाळात पिवळा म्हणजे बेसन आणून ठेवा, नारिंगी म्हणजे शाळेला सुट्टी आहे का विचारा आणि लाल म्हणजे धरण पाहायला चला.

शिवाय खात्याला स्पर्धा आहे. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्तात जातो आणि घरातली वडीलधारी मंडळी पंचांग उघडून नक्षत्राचं वाहन पाहतात. बेडूक किंवा म्हैस असेल तर पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा असेल तर बेताचा. त्याच्याआधी अक्षय तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी होऊन गेलेली असते आणि तिचं भाकीत कोणाच्या तरी खिशात घडी करून ठेवलेलं असतं. वर मोबाइलवरचे हवामानवाले, जे बोट आकाशाकडं आणि कॅमेरा स्वतःकडं ठेवून तारीखवार पाऊस वाटतात. उपग्रह आणि बेडूक यांचं एकमत झालं की आमच्या गल्लीतले जाणते लोक छत्री घेत नाहीत. दोघंही एकाच वेळी बरोबर असतील यावर त्यांचा विश्वास नाही.

वादळांना नावं ठेवायची पद्धत आली तेव्हापासून या चर्चेला थोडी रंगत आली आहे. हिंदी महासागराच्या आपल्या बाजूची नावं तेरा देश मिळून देतात. २०२१च्या सप्टेंबरात आलेलं 'गुलाब' हे पाकिस्ताननं दिलेलं नाव. ते आंध्रात उतरलं, तेलंगण-विदर्भ-मराठवाडा करत अरबी समुद्रात गेलं आणि तिथं 'शाहीन' या नव्या नावानं ओमानला पोचलं. २०२५च्या ऑक्टोबरअखेर आलेलं 'मोंथा' थायलंडचं, तेही एका सुगंधी फुलाचंच नाव. फुलांच्या नावाची माणसं आमच्याकडं फार प्रेमळ असतात, वादळं तशी नसतात. गुलाबाचं नाव उमरखेडकडच्या माणसासमोर तरी गमतीत घेऊ नये. २८ सप्टेंबर २०२१ला तिथल्या दहागावच्या नाल्याला आलेल्या पुरात एसटी बस वाहून गेली आणि माणसं गेली. त्या नाल्यावरून जाताना अजूनही एसटीतलं बोलणं थांबतं.

एरवी हे चार दिवस शहरात उत्सवाचेच असतात. नवरात्र असेल तर विचारूच नका. कोलकात्यानंतर दुर्गोत्सवात आपलाच नंबर, असं यवतमाळकर छातीठोकपणे सांगतो, आणि कोलकातेकरांना कोणी विचारलं नसल्यामुळं हा दावा अबाधित आहे. मंडपात उभ्या केलेल्या राजवाड्यावर सरी कोसळतात, कार्यकर्ते प्लॅस्टिक ओढत धावतात, आणि रांगेतले लोक आडोसा शोधण्याऐवजी पुढं सरकून घेतात. पावसात रांग लवकर पुढं जाते, हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे.

घरात मात्र एकच प्रश्न ऐरणीवर असतो: कूलर उतरवायचा का?

विदर्भाबाहेरच्या वाचकाला या प्रश्नाचं गांभीर्य कळणार नाही. कूलर ही आमच्याकडं वस्तू नाही, ती खिडकीतली कायमची वस्ती आहे. होळीच्या आसपास तो लोखंडी घोड्यावर चढतो, ताट्या बदलल्या जातात, पंप साफ होतो, आणि मग पावसाळाभर तो नुसत्या पंख्यावर राहतो, कारण दमट हवेत पाणी घातलं तर खोलीतला माणूसच उबवला जातो. ऑक्टोबरात ऊन पुन्हा कडक होतं, कूलरला पुन्हा पाणी मिळतं, आणि नेमकं तेव्हाच आभाळ येतं. शेजारच्या काकाजी-काकूंचा संवाद भिंतीपलीकडून ऐकू येतो.

"आता काढा थो कूलर. पाणी आत येऊन राह्यलं, गादी ओली झाली."

"थांब वं. चार दिवसाचं अभाळ हाये. उघडलं का पुन्हा तापते."

"मांगच्या साली बी असंच म्हनलं. संक्रांतीलोक होता खिडकीत. तिळगूळ द्याले आलेल्या बायका इचारे, हे काय नवीन फ्याशन हाये?"

"मंग? चिमण्या राह्यत होत्या त्याच्यात. पुण्य लागलं का नाही?"

यावर काकूंनी भांडं आपटलं ते ऐकू आलं, पण कोणतं ते कळलं नाही. कूलर जागेवरच आहे.

कूलर खिडकीत आणि स्वेटर अंगात, हे दृश्य या चार दिवसांत घरोघर दिसतं. ट्रंकेतून स्वेटर निघतात, डांबरगोळ्यांचा वास गल्लीभर पसरतो, आणि सकाळी फिरायला जाणारी ज्येष्ठ मंडळी कानटोपी, मफलर, पायमोजे अशा तयारीनं निघतात की वाटावं, पुढचा मुक्काम लेहला आहे. आता गंमत बघा. ढग असले की दिवसाचं ऊन अडतं, म्हणून दुपारचा पारा सरासरीपेक्षा पाच-सात अंशांनी उतरतो. पण तेच ढग रात्री जमिनीची ऊब वर जाऊ देत नाहीत, म्हणून पहाटेचा पारा उलट सरासरीच्या वर असतो. म्हणजे ज्या पहाटे काकाजी मफलर गुंडाळतात ती पहाट आधीच्या निरभ्र आठवड्यापेक्षा उबदार असण्याचीच शक्यता जास्त. मैदानी भागात थंडीची लाट म्हणायची तर किमान तापमान दहा किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी हवं, असा खात्याचा दंडक आहे. एकवीस अंशांत कानटोपी घालणाऱ्या नागरिकाची या दंडकात सोय नाही. हे मी काकाजींना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या खात्याले कान हायेत का?"

याच सुमाराला विदर्भातल्या शहरांत तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरची दुकानं लागतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहत आहे, त्यामुळं त्यांना आता इथल्या हवेचा अंदाज आपल्याहून जास्त असावा. ज्यांच्या वाडवडिलांनी हिमालय ओलांडला ते लोक अर्ध्या बाहीच्या शर्टात बसून यवतमाळकराला लोकरी जाकीट विकतात आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नाहीत. व्यापारातला एवढा संयम मी दुसरीकडं पाहिलेला नाही.

आभाळाच्या दुसऱ्या दिवशी गाड्या निळोण्याकडं वळतात. निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी पाजणारी दोन धरणं. सांडव्यावरून पाणी पडत असेल तर अख्खं शहर तिथं: भिजलेले कॉलेजकुमार, भाजलेली कणसं, फोटोत पाणी मागं येईल अशी बेतानं उभी केलेली आजी. बाहेरच्याला हा पोरकटपणा वाटेल. पण २०१८चा उन्हाळा ज्यांनी इथं काढला त्यांना नळाला पाणी कितव्या दिवशी आलं हे मुलांच्या वाढदिवसापेक्षा पक्कं आठवतं. तेव्हा ही धरणं तळाला गेली होती, घरापुढं टाकीमागं टाकी होती, आणि बेंबळ्याहून पाणी आणण्याच्या नळयोजनेची शहरानं चातकासारखी वाट पाहिली. त्यामुळं यवतमाळकर धरणाच्या काठी उभा राहून निसर्ग पाहत नाही, शिल्लक पाहतो. बेंबळा, अरुणावती, पूस, हद्दीवरचं इसापूर, कुठल्या धरणाचे किती दरवाजे किती सेंटिमीटरनं उघडले हे त्याला तोंडपाठ असतं. स्वतःच्या घराचं दार नीट लागत नसलं तरी.

कोजागिरी यात सापडली तर तिचे हाल. गच्चीवर दूध आटतं, केशर पडतं, आणि चंद्राचा पत्ता नसतो. भुलाबाईच्या खिरापतीसारखा तो ढगाच्या झाकणाखाली कुठं आहे हे सगळ्यांनी ओळखायचं. शेवटी कोणीतरी मोबाइलवर चंद्राचं चित्र लावतं, दुधात त्याचं प्रतिबिंब पाडतं, आणि मंडळी पिऊन मोकळी होतात.

आता खरी गोष्ट. यवतमाळात निव्वळ शहरी माणूस फारसा सापडत नाही. ज्याला विचाराल त्याचं कुठं ना कुठं वावर आहे, आणि तिथं काका, भाऊ, नाहीतर म्हातारे वडील आहेत. म्हणून इथं गारव्याचा आनंद उघडपणे घेता येत नाही. हातात मुंगवडा असतो, खिशात फोन वाजतो, पडद्यावर गावाचं नाव दिसतं आणि तोंडातला घास गिळण्याआधी आवाजात दुःख आणावं लागतं. एकदा एका उत्साही पुतण्यानं फोन उचलल्याबरोबर विचारलं, "काका, मस्त गारवा सुटला ना?" पलीकडून उत्तर आलं, "हो ना बापू. सोयाबीनले तं एवढं बरं वाटून राह्यलं, का कोंबच फुटले त्याले."

ऑक्टोबर हा सोयाबीन काढणीचा महिना. कापलेलं सोयाबीन वावरात पसरलेलं, नाहीतर गंजी लावलेली. मळणीचा हडंबा कोणाच्या तरी वावरात अडकलेला, मजूर दुसऱ्याच्या. आभाळ आलं की घरातली, शेजाऱ्याची, बैलगाडीवरची, ट्रकवरची, मिळेल ती ताडपत्री गंजीवर जाते. एकदा मी एका गंजीवर गेल्या निवडणुकीचा भला मोठा फ्लेक्स पाहिला. उमेदवार हात जोडून आभाळाकडं पाहत होता. शेतकरी म्हणाला, "निवडून आल्यापासून पहिल्यांदाच कामी पडला."

तिकडं कापूस फुटलेला. सीतादही करून, वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून वेचणीचा मुहूर्त झालेला, आणि दुसऱ्याच दिवशी झाडावरचा पांढरा कापूस ओला होऊन लोंबायला लागतो. खालची बोंडं सडतात, वेचलेल्यात कवडी वाढते. तूर फुलावर असते. ढगाळ हवेत तिच्यावर अळी येते आणि फूल गळतं. पण याच माणसाला धुऱ्याच्या पलीकडं हरभरा पेरायचा असतो आणि तिथं ओल नसते. म्हणजे एकाच वेळी, एकाच देवाकडं, एकाच सातबाऱ्यावर त्याची मागणी अशी: इकडं उघड, तिकडं दोन सरी, आणि मधल्या तुरीवर नुसता वारा. खात्याच्या 'तुरळक ठिकाणी'चा खरा अर्थ या माणसाला कळतो. त्याला हवा तसा पाऊस फक्त तुरळक ठिकाणीच पडू शकतो.

पंचनाम्याचंही एक वेळापत्रक असतं, ते हवामानाशी जुळत नाही. पीक विम्यात नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवा, असा नियम वर्षानुवर्षं होता. पहिल्या चोवीस तासांत लाइन गेलेली, दुसऱ्या चोवीस तासांत मोबाइलला रेंज नाही, तिसऱ्या चोवीस तासांत सगळा जिल्हा एकाच ॲपवर. २०१९ साली तर कळसच झाला. विधानसभेचा निकाल २४ ऑक्टोबरला लागला, त्या दिवाळीच्या आगेमागे राज्यभर अवकाळी पाऊस कोसळत राहिला, आणि मुंबईत सरकार काही बनेना. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. खरिपाला हेक्टरी ८,००० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत, ही मदत १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी जाहीर केली. पूर्ण महिनाभरात महाराष्ट्रात बहुमताच्या जवळ पोचलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे कमी दाबाचा पट्टा.

आभाळ उघडलं की शेवटची परीक्षा खरेदी केंद्रावर. हमीभावानं सोयाबीन द्यायचं तर ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे. २०२४च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं तो पंधरापर्यंत चालेल म्हटलं होतं, पण दरवर्षी दिल्लीला एवढी माया येत नाही. कापसाचं तसंच. आठ टक्के ओलावा असेल तर पूर्ण भाव, पुढं बारापर्यंत कपात आणि बाराच्या वर घरचा रस्ता. म्हणून पाऊस थांबल्यावर गावातले रस्ते, मंदिराचा ओटा, शाळेचं अंगण, पाण्याच्या टाकीखालची फरशी, सगळीकडं सोयाबीन वाळत पडतं. मोटारसायकलवाले कडेकडेनं, चप्पल काढावी की काय अशा चेहऱ्यानं जातात.

अशाच एका केंद्रावर मी एका आजोबांच्या मागं उभा होतो. चांगलं ऊन पडलेलं. आजोबांनी आठवडाभर वाळवलेलं सोयाबीन आणलं होतं, दाताखाली कटकन फुटत होतं, त्यांनी मलाही चार दाणे फोडायला लावले. ग्रेडरनं मूठभर दाणे यंत्रात टाकले. आकडा आला चौदा.

"ओलं आहे बाबा. वाळवून आणा."

आजोबांनी यंत्राकडं पाहिलं. ते टिनाच्या खोलीत, सिमेंटच्या ओलसर भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

"साहेब, वाळलेलंच हाये. तुमच्या मशीनलेच सर्दी झाली असन. तिले जरा बाहेर उन्हात आना."

रांगेतले हसले. ग्रेडर भला माणूस होता. तोही हसला आणि खरंच यंत्र उचलून बाहेर उन्हात आणलं, टेबलावर ठेवलं, पुसलं, नवे दाणे घातले. सगळी रांग वाकून पाहू लागली.

साडेचौदा.